सुट्टीत कुत्र्या-मांजरांची परवडणारी सोय: बोर्डिंग, सिटर, फीडर आणि अदलाबदल यांचा वापरानंतरचा अनुभव

घरात एक मध्यम आकाराचा कुत्रा आणि दोन मांजरे असतील, तर प्रवासाच्या खर्चात तिकीट आणि मुक्काम यांच्या जोडीला मागे राहणाऱ्यांच्या सोयीचाही खर्च धरावा लागतो, आणि काही वेळा तोच सर्वांत मोठा ठरतो. गेल्या अनेक महिन्यांत आम्ही कधी दोन-तीन रात्रींसाठी, तर कधी आठवड्याहून अधिक काळ बाहेर होतो. त्या निमित्ताने बोर्डिंग (पैसे घेऊन प्राणी ठेवून घेणारी जागा), ॲपवरून ठरवलेली सिटर (घरी येऊन प्राण्यांची काळजी घेणारी), ओळखीच्या प्राणीपालकांशी केलेली अदलाबदल आणि स्वयंचलित फीडर या चारही गोष्टी पुरेशा वापरून झाल्या. माझे मत आधीच सांगून टाकते: सर्व प्राण्यांची सोय एकाच ठिकाणी करण्याचा आग्रह सोडला, की खर्च खऱ्या अर्थाने खाली येतो. मांजरांना त्यांचे घर हवे असते आणि कुत्र्याला माणसांची सोबत हवी असते. या दोन वेगळ्या गरजांसाठी एकच महागडी सेवा घेतली, तर ती दोघांनाही अर्धीच पुरते.

बोर्डिंगपासून सुरुवात करते, कारण बहुतेकांच्या मनात पहिला पर्याय तोच असतो. दरपत्रकावरचा आकडा आणि हातात पडणारे बिल यांत फरक का पडतो, हे मला दोन-तीन वेळा तिथे कुत्रा ठेवल्यावरच नीट उमगले. काही ठिकाणी आकारणी रात्रीप्रमाणे होते, तर काही ठिकाणी दिवसाप्रमाणे. शुक्रवारी संध्याकाळी सोडलेला कुत्रा बुधवारी सकाळी परत नेला, तर रात्री पाच होतात. पण दिवसाप्रमाणे मोजले, तर शुक्रवार आणि बुधवार धरून सहा दिवसांचे पैसे द्यावे लागतात. ठरलेल्या वेळेनंतर न्यायला गेल्यास आणखी एक दिवस लागतो, गोळी देण्याचे वेगळे, जादा फेरफटक्याचे वेगळे, आणि सुट्ट्यांच्या हंगामात मूळ दरच वाढलेला असतो. म्हणून दोन ठिकाणांची तुलना करताना मी आता दर विचारतच नाही. सोडण्याची आणि नेण्याची नेमकी वेळ सांगून एकूण रक्कम लेखी मागते. अशी तुलना केल्यावर वरवर महाग दिसणारे ठिकाण स्वस्त निघाल्याचाही अनुभव आला.

बोर्डिंगचा दुसरा खर्च बिलात दिसत नाही, तो पशुवैद्याकडे होतो. अनेक कुत्री एकत्र राहतात तिथे केनेल कफ हा श्वसनमार्गाचा संसर्ग सहज पसरतो. बोर्डेटेला ब्रॉन्किसेप्टिका हा जीवाणू आणि पॅराइन्फ्लुएंझासारखे विषाणू यांपैकी कोणीही, किंवा अनेक जण मिळून, तो घडवून आणतात. लागण झाल्यापासून खोकला दिसेपर्यंत साधारण 2 ते 14 दिवस जाऊ शकतात, त्यामुळे परत घेताना अगदी ठणठणीत दिसणारा कुत्रा घरी आल्यावर पुढच्या आठवड्यात ठसकू लागतो. आमच्या कुत्र्याचेही एकदा तसेच झाले. आजार सौम्य होता, तरीही तपासणी आणि औषधे मिळून त्या मुक्कामाची सगळी बचत संपली. बोर्डेटेलाची नाकात किंवा तोंडात देण्याची लस एकाच मात्रेत काही दिवसांत काम करू लागते, परंतु इंजेक्शनच्या लसीला पहिल्या वेळी काही आठवड्यांच्या अंतराने दोन मात्रा लागतात. त्यामुळे निघण्याच्या आदल्या दिवशी डॉक्टरांकडे धाव घेण्याचा काही उपयोग नसतो. शिवाय रोगाला कारण होणारे जंतू अनेक असल्यामुळे ही लस म्हणजे पूर्ण कवच नव्हे. आजार सौम्य राहण्याची शक्यता ती वाढवते, इतकेच. लसीकरणाचे कार्ड न पाहताच कुत्रा ठेवून घेणारे ठिकाण कितीही स्वस्त असले, तरी मी तिथून परत फिरते, कारण जे माझे कार्ड पाहत नाहीत ते शेजारच्या पिंजऱ्यातल्या कुत्र्याचेही पाहत नसणार.

पोट बिघडण्याचा त्रास मात्र टाळता येतो. नव्या खाण्यावर कुत्र्याला 7 ते 10 दिवसांत हळूहळू आणावे लागते. आधीच बावरलेल्या जनावराला अचानक वेगळे खाणे मिळाले, की जुलाब जवळजवळ ठरलेलेच. आमच्या कुत्र्याचे नेहमीचे खाणे आम्ही प्रत्येक वेळेचे माप वेगळ्या पिशवीत भरून देऊ लागलो, तेव्हापासून तो प्रश्न राहिला नाही, आणि तिथल्या खाण्याचे पैसेही वाचले.

आता मांजरांविषयी. येथे मला जरा विस्ताराने लिहावेसे वाटते, कारण स्वस्तात सोय करण्याचा सर्वांत धोकादायक सल्ला मांजरांच्याच बाबतीत दिला जातो: मोठ्या भांड्यात कोरडे खाणे भरा, पाणी ठेवा आणि तीन दिवस खुशाल जा. हा सल्ला मला मुळीच मान्य नाही. मांजर, विशेषतः लठ्ठ मांजर, दोन-तीन दिवस जेवले नाही, तर शरीरातील चरबी यकृतात साठू लागते आणि त्यातून जिवावर बेतणारा यकृताचा विकार उद्भवू शकतो. बोक्यांच्या बाबतीत मूत्रमार्ग अरुंद असल्यामुळे लघवी अडकण्याचा धोका असतो, ताणामुळे तो वाढतो, आणि पूर्ण अडकलेली लघवी एक-दोन दिवसांत प्राण घेऊ शकते. म्हणजेच तीन दिवस कोणीही न फिरकणे हा खर्च वाचवण्याचा मार्ग होऊच शकत नाही. दिवसातून किमान एकदा माणसाने घरात येणे हा मी किमान खर्च धरते आणि बचत त्याच्या वरच्या भागात शोधते.

ॲपवरून निवडलेल्या सिटरचा माझा अनुभव एकंदरीत चांगला आहे. तारांकित शेऱ्यांचा निवडीसाठी फारसा उपयोग होत नाही, कारण जवळपास प्रत्येकाला पाचपैकी पाचच मिळालेले असतात; मी पाहते ते एवढेच, की तेच ग्राहक पुन्हा पुन्हा आले आहेत का आणि त्यांच्याकडे माझ्यासारखेच प्राणी आहेत का. औषध द्यायचे असेल, तर पशुवैद्यकीय शिक्षण घेणारे विद्यार्थी किंवा दवाखान्यात सहायक म्हणून काम करणारे लोक शोधावेत. त्यांचा हात सरावलेला असतो. सिटरने रोज मांजराचे फोटो पाठवणे ही आता प्रथाच झाली आहे, आणि ते पाहून बरेही वाटते, परंतु खिडकीत बसलेल्या मांजराच्या फोटोवरून ते जेवले की नाही हे कळत नाही. मी आमच्या सिटरला विनंती केली, की मांजरे दिसली नाहीत तरी चालेल, पण खाण्याच्या भांड्याचा आणि साफ करण्यापूर्वीच्या लिटर ट्रेचा, म्हणजे मांजरांच्या शी-शूच्या ट्रेचा, फोटो रोज पाठवा. लिटरमध्ये लघवीचे किती आणि केवढे गोळे झाले आहेत, यावरून दोन मांजरांच्या प्रकृतीचा जितका अंदाज येतो, तितका इतर कशावरूनही येत नाही. तिला ही मागणी सुरुवातीला विचित्र वाटली असावी, पण तिने ती पाळली, आणि आता म्हणे ती इतर घरांतही तसेच करते.

खर्चाचा सर्वांत मोठा प्रश्न होता तो दिवसातून दोन भेटींचा. आमच्या वयस्क मांजरीला थायरॉइडची गोळी दोन वेळा द्यावी लागत असे, त्यामुळे भेटी दुप्पट, औषधाचे शुल्क वेगळे, आणि मांजरीला पकडण्यात अर्धी भेट खर्ची. डॉक्टरांशी बोलून आम्ही त्याच औषधाच्या, मेथिमाझोलच्या, कानाच्या आतल्या कातडीला लावायच्या जेलवर आलो. जेल लावणाऱ्याने हातमोजे घालणे आवश्यक आहे, नाहीतर औषध त्याच्याही अंगात जाते. असा बदल प्रवासाच्या तोंडावर करू नये, कारण काही आठवड्यांनी रक्त तपासून मात्रा पुन्हा ठरवावी लागते. आमच्या बाबतीत प्रकृती स्थिर राहिली, मांजरीला धरून तिचा जबडा उघडण्याचा प्रकार संपला, आणि नेहमीच्या सिटरने त्याचे वेगळे शुल्क घेणे बंद केले. जेलही दोन वेळा लावावे लागते, म्हणून जेलसाठी सकाळी सिटर येते आणि संध्याकाळी शेजारच्या काकू पाच मिनिटांसाठी डोकावतात. गोळी देण्याचे काम मी त्यांना कधीच सांगू शकले नसते.

संध्याकाळचे जेवण फीडरवर सोपवले आहे. फीडर हे माणसाला पर्याय म्हणून विकले जाते, पण ते तसे नाही. दोन पूर्ण भेटींपैकी एक वाचवणारे यंत्र म्हणून पाहिले, तर त्याची किंमत काही प्रवासांतच वसूल होते. घेताना दोन गोष्टी तपासाव्यात. वीज गेल्यावर चालण्यासाठी त्यात बॅटरीची सोय हवी, आणि वेळापत्रक यंत्रातच साठवले जायला हवे; इंटरनेट बंद पडल्यावर जेवण बंद पडणारे फीडर घेण्यात अर्थ नाही. मोठ्या आकाराचे किंवा ओलसर झालेले दाणे तोंडाशी अडकतात, म्हणून निघण्यापूर्वी आठवडाभर ते घरात आपल्या डोळ्यांसमोर चालवून पाहावे. दोन मांजरांच्या घरात आणखी एक अडचण येते: खाणे पडल्याचा आवाज झाला, की आमचा बोका स्वतःचा आणि म्हातारीचा असे दोन्ही वाटे संपवतो. तिच्यासाठी आम्ही कातडीखाली बसवलेली ओळखीची मायक्रोचिप ओळखून झाकण उघडणारे भांडे घेतले. महाग होते, आणि तिला त्याची भीती जायला बरेच दिवस लागले, परंतु कोण किती जेवले हे आता नक्की कळते. विजेवर चालणारे पाण्याचे कारंजे मात्र मी एकट्या मांजरांच्या भरवशावर कधीच ठेवत नाही. साध्या वाडग्यांत दोन-तीन ठिकाणी पाणी असतेच.

कुत्र्यासाठी शेवटी टिकलेला मार्ग म्हणजे अदलाबदल. आमचा कुत्रा त्यांच्याकडे, त्यांचा कधीतरी आमच्याकडे, आणि रात्रींचा हिशोब एका वहीत. पैशांची देवघेव नसल्यामुळे हा पर्याय सर्वांत स्वस्त आहे, आणि कुत्रा पिंजऱ्याऐवजी घरात झोपतो. पण फुकट आहे म्हणून तो सोपा आहे असे मात्र नाही. दोन कुत्र्यांची पहिली भेट घराबाहेर, दोघांनाही परक्या असलेल्या जागी, समांतर चालत व्हावी; जेवण वेगवेगळ्या खोल्यांत द्यावे; आणि लांबच्या प्रवासाआधी एका रात्रीचा सराव झालेला असावा. आमच्याकडे येणाऱ्या कुत्र्याने मांजरांचा पाठलाग करू नये ही अट घातल्यावर इच्छुकांपैकी निम्मे आपोआप गळाले. शिवाय रात्रीला रात्र हा हिशोब दिसतो तितका न्याय्य नाही, कारण सगळे चावत सुटलेल्या पिल्लाची एक रात्र आणि कोपऱ्यात झोपून राहणाऱ्या म्हाताऱ्या कुत्र्याची एक रात्र यांत काय फरक आहे, ते सांभाळणाऱ्यालाच ठाऊक असते. पिल्लाची रात्र दीडपट धरावी, असा आमच्यात आता अलिखित करार आहे.

नव्या घरातून कुत्रा निसटण्याची भीती पहिल्या दोन दिवसांत सर्वांत जास्त वाटते. कॉलरच्या बिल्ल्यावर त्या काळापुरता यजमानांचा फोन नंबर लावावा आणि मायक्रोचिपच्या नोंदणीतला आपला नंबर चालू आहे ना, हे तपासून घ्यावे. चिपमध्ये बॅटरी नसते आणि ती कुत्र्याचा ठावठिकाणा सांगत नाही. जवळ धरलेल्या यंत्राला फक्त 15 अंकी क्रमांक देते, आणि नोंदणीतला पत्ता जुना असेल तर त्या क्रमांकाचा काही उपयोग राहत नाही. अदलाबदलीचा खरा दोष मात्र वेगळाच आहे. सुट्ट्यांच्या ऐन हंगामात सर्वांनाच बाहेर जायचे असते, म्हणून जेव्हा बोर्डिंग सर्वांत महाग असते, नेमके तेव्हाच हे जाळे रिकामे पडते. त्यावर मला अजून समाधानकारक उत्तर सापडलेले नाही. आम्ही शक्य तेव्हा हंगामाच्या थोडे आधी किंवा नंतर निघतो.

लांबच्या प्रवासासाठी घरी राहायला येणारा हाउस सिटर हा पर्यायही विचारात घ्यावा. 2010 मध्ये ब्रिटनमध्ये सुरू झालेल्या ट्रस्टेडहाउससिटर्ससारख्या मंचांवर मालक आणि सिटर दोघेही वार्षिक सदस्यत्व घेतात, सिटरला राहायला घर मिळते आणि मालकाला रात्रीमागे पैसे द्यावे लागत नाहीत. 2011 मध्ये सिएटलमध्ये सुरू झालेल्या रोव्हरसारख्या मंचांवर मात्र प्रत्येक मुक्कामाचे किंवा भेटीचे पैसे मोजावे लागतात आणि मंच त्यातून आपला हिस्सा घेतो. अनेक प्राणी आणि मोठी सुट्टी असेल तिथे पहिला प्रकार परवडतो. शनिवार-रविवारपुरते बाहेर जायचे असेल तर दुसरा. कमिशन वाचवण्यासाठी मंचाबाहेर व्यवहार करण्याचा मोह दोन्ही बाजूंना होतो, परंतु मंचाचे जे काही संरक्षण असते ते मंचावर झालेल्या बुकिंगलाच लागू होते, म्हणून नव्या माणसाबरोबर मी तरी तो मोह टाळते.

इतर प्राणी आमच्याकडे नाहीत, पण अदलाबदलीच्या गटात आहेत, म्हणून थोडेसे. निरोगी प्रौढ मासे काही दिवस न खाता राहू शकतात. त्यांना धोका असतो तो शेजाऱ्यांच्या मायेचा, कारण जास्तीचे खाणे कुजून पाण्यात अमोनिया वाढतो. ससा साधारण 12 तास काहीच खात नसेल तर ती तातडीची वैद्यकीय वेळ मानतात, त्यामुळे त्याला दिवसातून एक भेट पुरत नाही. पक्षी कोणाच्या घरी ठेवणार असाल, तर तिथे नॉनस्टिक भांडी वापरतात का, हे अवश्य विचारावे. अशी भांडी जास्त तापल्यावर निघणारा वायू पक्ष्यांना मारतो.

कोणताही पर्याय घेतला, तरी एक कागद मी प्रत्येक वेळी देते. त्यावर आमच्या डॉक्टरांचा आणि रात्री उघड्या असणाऱ्या दवाखान्याचा नंबर, प्राण्याची चालू औषधे, आणि आमच्याशी संपर्क झाला नाही तर किती रकमेपर्यंतचे उपचार न विचारता सुरू करावेत, हे सहीसह लिहिलेले असते. डॉक्टरांकडेही त्याची प्रत आणि काही आगाऊ रक्कम असते, म्हणजे सिटरला स्वतःच्या खिशातून पैसे भरावे लागत नाहीत.