कल्चर रिपोर्टमधले फक्त ‘आर’ वाचून दाखवणारा तेलवाला

सासऱ्यांना मधुमेह. पायाच्या करंगळीशी जखम झाली, चिघळली, पुवाचं कल्चर केलं, म्हणजे जंतू कुठला आणि त्याला कुठलं औषध लागू पडतं याची तपासणी, तर एमआरएसए निघाला, नेहमीच्या बऱ्याच प्रतिजैविकांना न जुमानणारा जंतू. डॉक्टरांनी लिनेझोलिड या प्रतिजैविकाच्या गोळ्या सुरू केल्या. तेवढ्यात ठाण्याच्या तलावपाळीवर चालायला येणाऱ्या एका ओळखीच्या गृहस्थांनी ‘तेलवाले सर’ नौपाड्यात आमच्या घरी आणले.

माणूस गोड बोलणारा. रिपोर्ट हातात घेऊन बोट फिरवत गेला: पेनिसिलिन आर, सेफॉक्सिटिन आर, एरिथ्रोमायसिन आर, सिप्रोफ्लॉक्सासिन आर. “काका, औषधं संपली तुमची. आता निसर्गच.” आर म्हणजे रेझिस्टंट, तो जंतू त्या औषधाला दाद देत नाही, हे खरंच. पण त्याच कागदावर खाली लिनेझोलिड आणि व्हँकोमायसिनपुढे स्वच्छ ‘एस’ होता, म्हणजे ही औषधं लागू पडतात. तिथवर त्याचं बोट गेलंच नाही.

मग मोबाईलवर फोटो. काचेच्या बशीत जंतूंचा थर, मध्ये तेलात भिजवलेली चकती आणि भोवती जंतू मेलेलं मोकळं वर्तुळ. असे फोटो खोटे असतीलच असं नाही, आणि खरी मेख तिथेच आहे. ओव्यातलं थायमॉल, लवंगेतलं युजेनॉल, टी ट्री तेलातलं टर्पिनेन-४-ऑल ही द्रव्यं जंतूंच्या पेशीचं आवरण फोडतात. एमआरएसएसुद्धा बशीत मरतो. त्यावर जगभर रीतसर संशोधन चालू आहे. पण जखमेत रक्त, पू, प्रथिनं असतात, त्यात तेलाचा जोर उतरतो. जोर टिकवायला मात्रा वाढवावी तर आपलीच कातडी सोलते. आणि हा गृहस्थ तर तेच तेल जिभेखाली थेंब थेंब घ्यायला सांगत होता! टी ट्री तेल पोटात गेलं तर विषारी असतं.

सहा हजार आठशे रुपयांचा ‘कोर्स’. अट एकच: “गोळ्या बंद, नाहीतर तेल काम करणार नाही.” सासऱ्यांनी आम्हाला न सांगता गोळ्या बंद केल्या. ताप चढला, पाय घोट्यापर्यंत लाल झाला. रुग्णालयात सडलेला भाग कापून काढला, व्हँकोमायसिन शिरेतून दिलं. पाय वाचला, करंगळी गेली.

नंतर मी बाटलीतला एक थेंब कोऱ्या कागदावर टाकून ठेवला. अशी सुगंधी तेलं शुद्ध असली तर उडून जातात, फार तर पुसटशी खूण राहते. इथे दुसऱ्या दिवशीही वड्याखालच्या कागदासारखा तेलकट डाग. म्हणजे बहुतेक साधंच तेल, वर वास. लेबलवर उत्पादन परवाना क्रमांक नाही, बॅच नाही.

पैसे मागितल्यावर “पथ्य पाळलं नसेल,” आणि मग फोन उचलणंच बंद. मधुमेह बरा करण्याच्या जाहिरातींना १९५४ च्या औषधी व जादूटोणा उपाय कायद्याने बंदी आहे, आणि शुगरही उतरेल असं हा बेधडक लिहून पाठवत होता. अन्न व औषध प्रशासनाकडे लेखी तक्रार दिली आहे, ग्राहक हेल्पलाईन १९१५ वरही नोंदवली. अडचण पावतीची आली. तिच्यावर फक्त ‘वेलनेस किट’ लिहिलंय, आजाराचा उल्लेख कुठेच नाही. दाव्याचा पुरावा म्हणून सासऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅपवरचे त्याचे मेसेज तेवढे उरले, तेही त्याने निम्मे डिलीट करून टाकल्यावर. कोणी असं काही पाठवलं तर आधी स्क्रीनशॉट काढून ठेवा.