घरचा कांदा: बी टाकावं की रोपांची जुडी आणावी?

वाशीचं कांदा-बटाटा मार्केट इतक्या जवळ असताना कांदा घरी कशाला लावायचा, हा प्रश्न ज्यांच्या घरात एकदा विचारून झालाय, त्यांच्यासाठी हे लिहितोय. पैसे वाचत नाहीत, हे आधीच मान्य करून टाकू. गच्ची किंवा अंगण आहे, थंडीत पाच-सहा तास ऊन येतं, मातीचं आणि खताचं तुमचं तंत्र बसलेलं आहे, हेही धरून चालतो. मग अडतं ते सुरुवातीलाच. बी टाकून रोपं स्वतः करायची, की तयार रोपांची जुडी आणून सरळ लावायची? नेरुळला रो-हाउसची गच्ची आणि पुढची चिंचोळी पट्टी एवढ्या जागेत मी दोन्ही करून बघितलंय.

टोपलीत कोंब फुटलेला कांदा मातीत खोचणे हा तिसरा प्रकारही लोक करतात. पातीसाठी जरूर करा, दहा-बारा दिवसांत भुर्जीपुरती पात मिळते. पण त्यातून नवा कांदा मिळेल ही आशा ठेवू नका. कांदा पहिल्या हंगामात गड्डा धरतो आणि दुसऱ्या हंगामात फुलावर येतो. तुम्ही खोचलेल्या कांद्याचा पहिला हंगाम शेतातच झालेला असतो, त्यामुळे तो डेंगळा, म्हणजे फुलाचा दांडा, काढून मोकळा होतो. खाली हाताला लागतात ते दोन-तीन फाटलेले, पोचट तुकडे.

आता बी. बियाची सगळ्यात मोठी बाजू म्हणजे जात तुमच्या हातात राहते. रब्बीसाठी एन-2-4-1 आहे, राजगुरुनगरच्या कांदा व लसूण संशोधन संचालनालयाच्या भीमा शक्ती, भीमा किरण आहेत, पांढरा हवा असेल तर भीमा श्वेता आहे. बसवंत 780 आणि एन-53 या खरिपाच्या जाती. डिसेंबरच्या लागवडीला त्या नकोत. दुकानदार कधीकधी ‘कांदा म्हणजे कांदा’ म्हणून जे असेल ते हातात ठेवतो, म्हणून पाकिटावरचं नाव आणि तारीख दोन्ही वाचा. कांद्याचं बी फार टिकत नाही. वर्ष उलटलं की उगवण निम्म्यावर आली तरी नवल नाही, आणि आपल्या दमट हवेत उघडं पाकीट तेवढंही तग धरत नाही.

ऑनलाइन मिळणाऱ्या परदेशी पाकिटांपासून मात्र लांब राहा. त्यांवरचे पिवळेधमक, मुठीएवढे कांदे बघून मोह होतो. पण त्यातल्या बऱ्याच जातींना गड्डा धरायला चौदा तास किंवा त्याहून मोठा दिवस लागतो, आणि आपल्याकडे जूनमधला सर्वांत मोठा दिवससुद्धा सव्वातेरा तासांच्या आसपासच असतो. अशा जातीची पात छान वाढते, वाढतच राहते, आणि खाली काही म्हणजे काही नसतं. महाराष्ट्रातल्या जाती लहान दिवसाच्या आहेत, त्यांना अकरा-बारा तास पुरतात.

बी उगवताना बघणं हे एक सुख आहे, हे कबूल करायला हवं. आठवड्याभरात मातीतून हिरवी कमान वर येते, गुडघ्यात वाकलेली. मग ती सरळ होते आणि टोकाला बियाचं काळं टरफल तसंच चिकटलेलं असतं. सकाळी चहा घेऊन ट्रेपाशी उभं राहिलं की पाच मिनिटं कशी जातात कळत नाही. पुढे सहा-सात आठवडे ही रोपं सांभाळायची. डिसेंबरमध्ये लावायची म्हणजे बी ऑक्टोबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात पडलेलं हवं. इथेच नवी मुंबईचं हवामान आडवं येतं. परतीचा पाऊस कधी संध्याकाळी गाठेल सांगता येत नाही, दुपारचं ऊन चटके देतं, हवेतला दमटपणा गेलेला नसतो. मर रोगाला यापेक्षा चांगले दिवस नाहीत. रोप जमिनीलगत दोऱ्यासारखं बारीक होतं आणि आडवं पडतं, आणि एकदा सुरू झालं की ट्रेमध्ये चकंदळ पसरत जातं. बी विरळ टाकलं, मातीत ट्रायकोडर्मा ही उपयोगी बुरशी मिसळली, ट्रे कठड्याच्या आडोशाला ठेवला की हे बरंच आटोक्यात येतं. म्हणजे मर काही असाध्य नाही. बियाबद्दलचं माझं मत बदललं ते मरीमुळे नव्हे.

ते बदललं दिवाळीमुळे.

2023 ला दिवाळी नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत गेली होती, 2025 ला ऑक्टोबरच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात उरकली. कशीही येवो, कांद्याच्या बियाच्या त्या सहा-सात आठवड्यांत ती सापडतेच. एकतर बी नुकतंच पडलेलं असतं, नाहीतर रोपं केसाएवढी असतात. आणि आपल्याकडे दिवाळी म्हणजे गावी जाणं आलं. मिरची-वांग्याची रोपं चार दिवस सावलीत ठेवली, भांड्यात ओल केली की निभावतात. कांद्याचं रोप तसं निभावत नाही. त्याची मुळं वरच्या इंचभर मातीत असतात, ती माती ऑक्टोबरच्या उन्हात एका दुपारीत कोरडी होते. ठिबक लावून बघितलं. थेंब जिथे पडतो तिथे चिखल आणि वीतभर पलीकडे कोरडं. ट्रे पाण्याच्या परातीत ठेवून गेलं तर खालून सतत ओल राहते आणि मर पुन्हा हजर.

राहता राहिले शेजारी. आमच्या शेजारच्या काकू झाडांच्या बाबतीत माझ्यापेक्षा जास्त हौशी. मी त्यांना फवाऱ्याची बाटली दाखवली, किती वेळा दाबायची तेही सांगितलं. परत आलो तेव्हा बाटली होती तिथेच होती, जवळ स्टीलचा तांब्या होता आणि ट्रेमधली सगळी रोपं एका दिशेला आडवी होऊन मातीत चिकटली होती, जणू कुणी कंगव्याने विंचरलीत. ‘तुमच्या बाटलीने काय व्हायचंय हो, बिचाऱ्यांना तहान लागली असेल,’ काकू म्हणाल्या. वर चिवड्याची पिशवी हातात दिली. यावर माणूस काय बोलणार? पुढच्या वर्षी दुसऱ्या घरी ट्रे ठेवून बघितला, तिथे पाणीच घातलं गेलं नाही. उशिराच्या दिवाळीनंतर बी टाकावं तर लावणी जानेवारीत जाते, आणि उशिरा लावलेल्या कांद्याला पात जोमात यायच्या आत ऊन तापायला लागतं. ऊन आणि मोठा होत जाणारा दिवस पातीची वाट बघत नाहीत. असेल तेवढ्या पातीवर कांदा पोसायला लागतो आणि लिंबाएवढा राहतो.

तयार रोपांची जुडी हा सगळा काळ कापून टाकते. गल्लीतले एक काका मूळचे जुन्नरचे, मार्केटमध्ये माथाडीत होते. त्यांच्या गावाकडे उळं, म्हणजे रोपांसाठीचं कांद्याचं बी, टाकलेलं असतंच, आणि लावणीनंतर वाफ्यात रोपं उरतातही. डिसेंबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात कुणीतरी इकडे येताना ओल्या गोणपाटात गुंडाळून जुडी आणतं. पात वरून तिसरा हिस्सा कापायची, मुळं पाण्यात बुडवायची, संध्याकाळी लावून टाकायची. भाजीच्या प्लास्टिक क्रेटमध्ये, दोन फूट बाय दीड फूट धरलं तर, चार बोटं अंतराने 40-45 रोपं मजेत बसतात. दोन दिवस माना टाकतात, मग उभी राहतात. कबुतरं ती उपटतात, तेव्हा पहिला आठवडा वर जाळी हवी. पण हे बियाच्या रोपांनाही चुकत नाही.

जुडीची खोट नाही असं नाही. जातीचा भरवसा फक्त देणाऱ्याच्या शब्दावर. शिवाय जुडीबरोबर फुलकिडे फुकट येतात. पातीच्या बेचक्यात पिवळसर, डोळ्यांना जेमतेम दिसणारे किडे असतात, आणि पातीवर चंदेरी ओरखडे दिसायला लागले की ते आधीच वस्तीला आलेले असतात. मी लावण्याआधी प्रत्येक रोपाची बेचकी बोटाने उघडून बघतो आणि निंबोळी अर्काच्या पाण्यातून काढतो. एक निळा चिकट सापळाही लावतो; पूर्ण बंदोबस्त होतो असं म्हणणार नाही, फरक पडल्यासारखा वाटतो. जांभळा करपा हा पातीचा रोग दोन्हीकडे सारखाच, तो धुक्याच्या आणि ढगाळ दिवसांवर अवलंबून.

कांदा कुठला चांगला आला? तराजू लावून सांगत नाही, पण हाताला जुडीचा कांदा भरीव लागतो आणि त्याची मान, म्हणजे पात कांद्याला जुळते तो भाग, बारीक सुकते. माझा अंदाज असा की गादीवाफ्यावर, उघड्या जमिनीत वाढलेलं रोप मुळातच दणकट असतं. गच्चीवरच्या ट्रेमधलं रोप ऊन कमी पडलं की उंच आणि लुकडं होतं. ज्यांची गच्ची सबंध मोकळी आहे त्यांना हा फरक कदाचित दिसणारही नाही. पुढचं काम मात्र दोन्हींना एकच. लावणीनंतर दोन महिन्यांनी शेणखताचं पाणी, जीवामृत, काय जे देत असाल ते थांबवायचं. प्रेमाने देत राहिलात तर माना जाड राहतात आणि कांदा टिकत नाही. मार्चअखेर निम्म्या माना पडल्या की पाणी तोडायचं, काढल्यावर पातीसकट सावलीत सुकवायचा.

तेव्हा दिवाळीत घरी असणारं कुणी आहे, हात हलका आहे, आणि अमुकच जात हवी असा आग्रह आहे, तर बी टाका. मी अडवणार नाही, थोडा हेवाच करेन. पांढऱ्या कांद्याचं वेड असेल तर बियाची बाजू आणखी वरचढ होते, कारण घाटावरच्या जुडीत बहुधा लालच असतो. अलिबागच्या पांढऱ्या कांद्याला 2021 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तिकडे कार्ले, खंडाळे भागात भातानंतर तो लावतात. त्या बाजूला कुणी नातलग असेल तर पांढऱ्या रोपांसाठी शब्द टाकून बघा. तिथल्या मातीची गोडी आपल्या क्रेटमध्ये उतरेल असं मात्र समजू नका. बाकी नोकरी करणाऱ्या, सणाला कुलूप लावून जाणाऱ्या घराने जुडीच बघावी, असं मला आपलं वाटतं.

जुडी सांगायची तर दसऱ्यालाच सांगून ठेवा, डिसेंबरमध्ये विचारलं तर उरलेसुरलेलं मिळतं. रोपाचं वय विचारा. दीड महिन्याचं उत्तम, दोन महिन्यांच्या पुढचं नको. अशा निबर रोपाला डेंगळे जास्त येतात असं काकाही म्हणतात. बुडाशी आधीच गाठ धरलेली रोपं बाजूला काढा. जाडी साधारण उदबत्तीच्या काडीपेक्षा थोडी जास्त हवी, मुळं पांढरी. शेतकऱ्याच्या हिशेबाची जुडी गच्चीला नेहमीच मोठी पडते, तेव्हा उरलेली रोपं एका कुंडीत दाट खोचून द्या आणि जानेवारीभर त्यांची पात कापत राहा.