डोंगराआडच्या घरात यासू एफटी-८९१ : दोन पावसाळ्यांनंतर

यासूचा एफटी-८९१ हा हौशी रेडिओवाल्यांचा, ऐकण्या-बोलण्याचा शॉर्टवेव्ह सेट तोरण्याच्या पायथ्याकडील आमच्या घरी मी दोन पावसाळे वापरला आहे. घर खोऱ्याच्या तळाशी असल्यामुळे हातातल्या व्हीएचएफ (सरळ रेषेत जाणाऱ्या लहरींच्या) सेटचा आवाज समोरच्या डोंगरापलीकडे जात नाही, आणि पावसाची झड लागून वीज गेली की मोबाइलचा टॉवरही फार काळ तग धरत नाही. अशा जागी ४० मीटरचा, म्हणजे ७ मेगाहर्ट्झचा बँड उपयोगी पडतो. प्रत्येकी सुमारे १० मीटरच्या दोन तारांचा डायपोल अँटेना मी आंब्यापासून गोठ्याच्या खांबापर्यंत ताणला आहे, तोही मुद्दाम जेमतेम ३ मीटर उंचीवर. त्यामुळे लहरी बहुतांशी सरळ वर जातात आणि आयनांबरावरून, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरावरून, परतून आसपासच्या दोन-तीनशे किलोमीटरच्या टापूत उतरतात, मधल्या डोंगराची अडचण उरत नाही. सकाळी दहाच्या सुमारास सोलापूरचे एक स्नेही इतके स्पष्ट येतात, की त्यांच्या घरातल्या कुकरची शिट्टीही मोजता येते.

सेट १०० वॅटचा असूनही वजन अवघे १.९ किलो आहे. इन्व्हर्टरची आणि एलईडी दिव्यांची खरखर त्याचा नॉइज रिडक्शन बऱ्यापैकी दाबतो, मात्र आवाज थोडा डब्यातून आल्यासारखा होतो. गंमत अशी, की गावाची वीज जाते तेव्हा ही खरखरही जाते आणि सेट सर्वांत चांगला ऐकतो.

सेटमध्ये अँटेना ट्यूनर (तारेचा सेटशी मेळ बसवणारा भाग) नाही, हे घेण्यापूर्वीच लक्षात ठेवावे. तार वीतभर कमीजास्त करत एसडब्ल्यूआर (तारेकडून सेटकडे परत फिरणाऱ्या शक्तीचे माप) खाली आणण्यात माझा एक रविवार गेला. त्यातला अर्धा दिवस तर विक्रेत्याने पाठवलेल्या कोॲक्स केबलचा कच्चा सोल्डर शोधण्यातच गेला. विजेची भूकही मोठी आहे : माहितीपत्रकाप्रमाणे ऐकताना २ आणि पूर्ण ताकदीने बोलताना २३ अँपिअर. यूपीएसमधल्या ७ अँपिअर-तासाच्या बॅटरीवर नुसते ऐकायचे म्हटले तरी तीन तासांच्या आसपास हिशेब संपतो, म्हणून मी ट्रॅक्टरची बॅटरी आणि एक सौर पॅनेल जोडले आहे.

खरी मर्यादा सेटची नसून आकाशाची आहे. सूर्य मावळला की वरचा थर विरळ होतो, सरळ वर गेलेली ७ मेगाहर्ट्झची लहर परत येत नाही, आणि पुण्याचा माणूस नाहीसा होऊन हजारो किलोमीटरवरची अनोळखी भाषा खणखणीत ऐकू येऊ लागते. साप चावणे, दरड कोसळणे हे प्रकार रात्र आहे म्हणून थांबत नाहीत. म्हणून हौशी रेडिओचा परवाना मिळाल्यावर जो कोणी हा सेट घेईल, त्याने ट्यूनरवर पैसे घालण्याआधी, रात्रीही वरून परतणाऱ्या ८० मीटर (३.५ मेगाहर्ट्झ) बँडसाठी ४० मीटर लांबीची दुसरी तार ताणावी. माझी ती पहिल्या पावसाळ्यात नव्हती.