एअरब्रश नंतर, आधी कॉम्प्रेसर: पावसाळाभर वापरल्यानंतरचा अनुभव

विमानांची मॉडेल्स रंगवायला एअरब्रश (हवेच्या दाबाने रंग फवारणारं पेनसारखं अवजार) घ्यायचा म्हटलं की सगळी चर्चा सुई ०.२ मिमीची की ०.३ मिमीची, यावरच होते. ठाण्यात अख्खा पावसाळा एअरब्रश आणि त्याला दाबाची हवा पुरवणारा कॉम्प्रेसर असा सेट वापरल्यावर माझं मत पक्कं झालंय: पैसे आधी कॉम्प्रेसरवर घाला आणि तो हवेच्या टाकीवालाच घ्या.

माझा कॉम्प्रेसर बिनतेलाचा, पिस्टनचा, १/६ एचपीचा आहे. खाली ३ लिटरची टाकी. ४ बार दाब झाला की बंद होतो, ३ बारवर उतरला की आपोआप सुरू. बिनटाकीच्या छोट्या पंपांत पिस्टनचा ठोका थेट हवेत उतरतो आणि बारीक रेघ जाड-बारीक होत जाते. टाकीमुळे दाब एकसारखा राहतो. गाड्या रंगवायची गन मात्र या कामाची नाही. १/७२ मापाच्या (खऱ्याच्या बहात्तराव्या हिश्श्याच्या) मॉडेलच्या पंखावर तिने रंगाच्या एका हातातच पॅनल लाइन (पत्र्यांच्या जोडांच्या बारीक खाचा) बुजतात.

आपल्याकडे खरी परीक्षा पाण्याची. हवा दाबली की तिच्यातली वाफही कोंबली जाते आणि हवा निवली की तिचं पाणी होतं. जुलैत रेग्युलेटरखालच्या (दाब कमी-जास्त करणाऱ्या भागाखालच्या) वाटीत बघता बघता थेंब जमतात. ते मधूनमधून काढायचे आणि काम संपलं की टाकीच्या तळाचा स्क्रूही सोडायचा. तरी गरम हवा वाटी ओलांडून नळीत निवते, म्हणून एअरब्रशच्या बुडाशी मी पाणी अडवणारा आणखी एक छोटा ट्रॅप लावलाय. मिग-२१ एफएल या लढाऊ विमानाचं मॉडेल करताना त्याचं मोल कळलं. भारतीय हवाई दलातली ती विमानं सुरुवातीला उघड्या धातूच्या रूपात उडत. त्यासाठी आधी ग्लॉस (चकचकीत) काळा, त्यावर १२-१५ पीएसआयवर (म्हणजे साधारण १ बार दाबावर) मेटॅलिक, म्हणजे धातूसारख्या चमकीच्या रंगाचे पातळ हात. काळ्यावर पाण्याचा एक थेंब उडाला तर डाग पडतो, आणि मेटॅलिक तो झाकत नाही, उलट उठवून दाखवतो. माझं विमान ठाण्यात, भर पावसात रंगलं आणि स्वच्छ निघालं.

एअरब्रश डबल अ‍ॅक्शन, वर रंगाचा कप असलेला, ०.३ मिमीचा. बटण दाबलं की हवा, मागे ओढलं की रंग. तामिया कंपनीचे अ‍ॅक्रिलिक रंग दुधाइतके पातळ करून १५-२० पीएसआयवर छान बसतात. बहुतेक कामाला ही सुई पुरते. नोझल (रंग बाहेर पडतो ते टोक) मात्र इवलंसं असतं, पान्याला जरा जोर लागला की आटे जातात. सुटं नोझल मिळतं का, हे घेतानाच विचारा.

नळीचे सांधे साबणाच्या फेसाने तपासा, बुडबुडे आले तर टेफ्लॉन टेप गुंडाळा. गळती असली की मोटर सारखी सुरू होते, तापते, आणि नळीत पाणी आणखी वाढतं.