मणक्याची गादी सरकलीय : डिकॉम्प्रेशनचं पॅकेज घ्यावं, फिजिओ करावं की सरळ ऑपरेशन?

एमआरआयचा रिपोर्ट हातात पडतो, त्यात एल-फोर एल-फाइव्हला (कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यामध्ये) डिस्क बल्ज, म्हणजे गादी फुगून बाहेर आलेली, शीर दबलीय वगैरे लिहिलेलं असतं, आणि घरात लगेच तीन मतं होतात. मोठा भाऊ म्हणतो डिकॉम्प्रेशनचं, म्हणजे कंबर ओढून गादीवरचा दाब उतरवायचं नवीन मशीन आलंय, नुसतं झोपायचं, वीस सीटिंगमध्ये गादी आत जाते. काका म्हणतात आधी मिरजेला दाखवू. आत्याबाईंचं मत असं की ऑपरेशन केलेला माणूस परत कधी वाकत नाही, तेव्हा डॉक्टरकडंच नको. अशा घरात बसून ठरवायचं असलेल्या माणसासाठी हे लिहितोय. मी डॉक्टर नाही, खरं आमच्याकडं बेळगावात वडगाव-शहापुरात हातमाग-पॉवरलूमवाल्यांच्यात, उद्यमबागेतल्या फाउंड्रीत, चिकोडीकडच्या ऊसतोडीत आणि निपाणीच्या बिडी वळणाऱ्या बायकांच्यात कंबरदुखी इतकी आहे की प्रत्येक उपाय करून आलेलं कोण ना कोण ओळखीचं निघतंयच.

आधी एक गोष्ट बघा, दुखणं नुसतं कमरेत आहे की ढुंगणातून मांडीमागनं पोटरीपर्यंत, बोटांपर्यंत उतरतंय? पायात उतरलं म्हणजे शिरेवर दाब, त्याला सायटिका म्हणतात, आणि त्याचा रस्ता वेगळा. नुसत्या कमरेच्या दुखण्यात एमआरआयवर फार विसंबू नका. २०१५ मध्ये एक मोठा आढावा छापून आला होता, त्यात कसलंच दुखणं नसलेल्या माणसांचे स्कॅन बघितले तर विशीतल्या ३० टक्के लोकांच्यात डिस्क बल्ज होता आणि ऐंशीतल्या ८४ टक्के लोकांच्यात. म्हणजे रिपोर्टमधला बल्ज हेच तुमच्या दुखण्याचं कारण असं धरून कोणी पॅकेज विकत असेल तर तिथंच थोडं थांबा.

आता ते मशीन. टेबलाचे दोन भाग असतात, वरचा स्थिर, खालचा सरकणारा. छातीला आणि कमरेला पट्टे बांधतात आणि कॉम्प्युटरवर चालणारी मोटर खालचा भाग हळूहळू ओढते, काही सेकंद धरते, सैल सोडते, परत ओढते. अर्धा-पाऊण तास. ताण साधारण शरीराच्या वजनाच्या निम्म्यापर्यंत नेतात. यामागचं म्हणणं असं की मणके जरा लांब झाले की गादीच्या आतला दाब उतरतो, बाहेर आलेला भाग आत ओढला जातो आणि रक्तपुरवठा सुधारतो. दाब उतरतो हे काही हवेतलं नाही, १९९४ मध्ये अशाच एका टेबलावर गादीत सुई घालून मोजला तेव्हा तो उणे १०० मिलिमीटर पाऱ्याच्याही खाली गेलेला दिसला, खरं ते अगदी मोजक्या पेशंटमध्ये, आणि दाब उतरला म्हणजे दुखणं गेलं असं त्यातून ठरत नाही. टेबलावरनं उठून रिक्षात बसलात की दाब परत आला ना.

जुन्या ट्रॅक्शनपेक्षा हे वेगळं काय? पूर्वी हॉस्पिटलात ट्रॅक्शनला टाकायचे, पलंगाच्या पायाशी वजनं लटकायची आणि माणूस दिवसच्या दिवस पडून. त्यापेक्षा हे नक्कीच बरं, कमी त्रासाचं, ताणाचं माप बरोबर, आणि सीटिंग झाल्यावर घरी चालत जाता येतं. पण मूळ जात एकच. अमेरिकेत औषधांना-यंत्रांना परवानगी देणारी सरकारी संस्था एफडीएसुद्धा ह्या मशिनींना मोटरवर चालणारं ट्रॅक्शन ह्याच गटात धरतं, आणि आधीपासून बाजारात असलेल्या यंत्रासारखंच आहे म्हणून विकायला परवानगी देतं. तेव्हा माहितीपत्रकावर एफडीएचा शिक्का दिसला म्हणजे गुण येतो हे सिद्ध झालं, असं कृपा करून समजू नका.

मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो नेदरलँड्समधला २००९ चा अभ्यास. कंबर महिनोन्महिने दुखत असलेले ६० पेशंट घेतले, सगळ्यांना ह्याच प्रकारच्या कॉम्प्युटरवाल्या टेबलावर झोपवलं, मात्र निम्म्यांना खरा ताण दिला आणि निम्म्यांना अगदी नाममात्र. जोडीला दोन्हीकडं हळूहळू हालचाल वाढवायचा कार्यक्रम. शेवटी दोन्ही गटांना बरं वाटलं, सारखंच! म्हणजे मशीनवर झोपून बरा झालेला माणूस खोटं बोलत नाही, त्याला खरंच बरं वाटलेलं असतं, फक्त ते ओढण्यामुळं वाटलं की व्यायामानं, दिलाशानं आणि गेलेल्या दिवसांनी, हे त्याला कळायला मार्ग नाही. कॉक्रेन ही जगभरचे अभ्यास एकत्र तपासणारी संस्था, तिच्या २०१३ च्या आढाव्यात ट्रॅक्शनचे ३२ अभ्यास आणि २७६२ पेशंट एकत्र धरले होते, तिथंही फरक पडला तर नगण्य असंच निघालं. कुठला उपचार द्यावा हे सांगणाऱ्या ब्रिटनच्या नाइस संस्थेनं २०१६ मध्ये आणि जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३ मध्ये (जुनाट कंबरदुखीसाठी) ट्रॅक्शन देऊ नका असंच सांगितलंय. दुसरी बाजूही सांगतो, २०२२ मध्ये लाहोरला शीर दबलेल्या ६० पेशंटवर एक अभ्यास झाला, त्यात नेहमीच्या फिजिओला डिकॉम्प्रेशन जोडल्यावर नुसत्या फिजिओपेक्षा जास्त आराम दिसला. लहान अभ्यास आहे, पण आहे. म्हणून मी मशीनला थोतांड म्हणणार नाही. महागडं आणि अर्धवट सिद्ध झालेलं म्हणेन.

ह्याच्यासमोर फिजिओ ठेवा. दिसायला काहीच नाही, एक चटई, पालथं झोपून छाती उचलायची, चालायचं, हळूहळू पोटाचे-पाठीचे स्नायू घट्ट करायचे, म्हणून लोकांना ह्यात पैसे दिल्यासारखं वाटत नाही. खरं शरीर स्वतः काय करतं ते बघा. पुढं आलेली गादी आपोआप आकसते का ह्याचा २०१५ मध्ये आढावा निघाला, त्यात तुटून सुटलेला तुकडा ९६ टक्के लोकांच्यात आणि मोठा बाहेर आलेला भाग ७० टक्के लोकांच्यात ऑपरेशनशिवाय लहान झाला होता किंवा गेला होता. नुसता बल्ज मात्र १३ टक्क्यांतच. उलटं वाटतं ना, जितकं जास्त बाहेर आलंय तितकं शरीर त्याला बाहेरचं समजून खाऊन टाकतं. वीस सीटिंग पाच-सहा आठवडे चालतात, आणि सायटिकाचं दुखणं स्वतःहून उतरायचा काळही बऱ्याच जणांच्यात तोच असतो, मग श्रेय मशीनला जातं. आणि पूर्ण विश्रांती घेऊन पडून राहू नका, सायटिकात अंथरुणाला खिळून फायदा होत नाही हे १९९९ मध्येच दाखवून झालंय. झेपेल तेवढं चालायचं.

इंजेक्शनचं थोडक्यात. मणक्याच्या नळीत शिरेजवळ स्टेरॉइड देतात, पायातली कळ काही आठवडे कमी होऊ शकते, झोप लागते, व्यायाम सुरू करता येतो. गादी त्यानं बदलत नाही. शुगर असेल तर काही दिवस वाढते, डॉक्टरला आधी सांगा.

ऑपरेशनची आपल्याकडं उगाच जास्त भीती आहे. शिरेवरचा तुकडा तेवढा काढायचा, बहुतेक पेशंट दुसऱ्या दिवशी चालतात. नेदरलँड्समध्येच २००७ चा अभ्यास आहे, तीव्र सायटिकाचे २८३ पेशंट, काहींचं लवकर ऑपरेशन, काहींना थांबवलं. ऑपरेशनवाल्यांची कळ लवकर गेली, थांबलेल्यांपैकी ३९ टक्क्यांना पुढं ऑपरेशन करावंच लागलं, पण वर्षाच्या शेवटी दोन्हीकडं ९५ टक्के लोक बरे झालो म्हणत होते. म्हणजे कळ सोसवत असेल तर थांबायला हरकत नाही, सोसवत नसेल आणि दीड-दोन महिने फिजिओ नीट करून झालं असेल तर ऑपरेशन करणं म्हणजे हार नव्हे. नुसत्या कंबरदुखीला मात्र ह्या ऑपरेशनचा फारसा उपयोग नाही, ते पायातल्या कळेसाठी.

आणि एक ठिकाण असं आहे जिथं तुलना करत बसायचंच नाही. लघवी अडली किंवा कळत नाही, संडासवरचा ताबा गेला, दोन मांड्यांच्या मधली जागा बधिर झाली, पाऊल उचलेना, चप्पल पायातून निसटायला लागली, तर रात्र असली तरी केएलई हॉस्पिटल असू दे, सिव्हिल असू दे, जिथं लवकर पोचाल तिथं जा. तासांवर सगळं असतं. त्या वेळी मशीनवर झोपवणारा माणूस तुमचं नुकसान करतोय.

पैशाचं गणित. डिकॉम्प्रेशनचं पॅकेज बहुतेक ठिकाणी पाच आकड्यात जातं आणि अ‍ॅडमिट नसल्यानं साधी मेडिक्लेम ते देत नाही. ऑपरेशन एकरकमी महाग, पण तिथं विमा चालतो, बीपीएल कार्डावर आयुष्मान भारत-आरोग्य कर्नाटकमध्ये कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत कव्हर आहे, प्लॅन करून करायच्या मोठ्या उपचाराला सरकारी हॉस्पिटलचं रेफरल बहुतेक लागतं. सीमाभागातल्या ८६५ गावांसाठी महाराष्ट्रानं महात्मा फुले जन आरोग्य योजना जाहीर केलीय, कोल्हापूर-मिरजेला जाणार असाल तर तिथल्या योजनेच्या काउंटरला कागद दाखवून आधीच विचारा. फिजिओ सगळ्यात स्वस्त, चार-सहा वेळा जाऊन व्यायाम शिकून घेतले की बाकी घरी.

अंतराचा विचार कोणी करत नाही. खानापूरच्या आतल्या गावातनं आठवड्यात चार-पाचदा बेळगावला यायचं, एसटीत नाहीतर गाडीवर खड्डे खात, आणि बसल्यावर कमरेच्या गादीवर दाब येतोच. अर्धा तास ओढून घ्यायला जाऊन-येऊन दोन तास गादी चेपत बसायचं, ह्यात मला काही अर्थ दिसत नाही. गावातल्यांनी फिजिओच धरावं. क्लिनिक शेजारच्या गल्लीत असेल, पैशाची ओढ नसेल, पायात कळ आहे पण ताकद गेलेली नाही, आणि तिथं सोबत व्यायाम शिकवत असतील, तर मशीन करून बघायला माझा विरोध नाही. हाडं ठिसूळ झालेल्या म्हाताऱ्या माणसांनी, गरोदर बायकांनी, मणक्यात स्क्रू असलेल्यांनी, फ्रॅक्चर, कॅन्सर किंवा मणक्याचा टीबी असलेल्यांनी जाऊ नये, पोटातली मोठी रक्तवाहिनी फुगलेली असेल तरी नाही.

करायचंच ठरलं तर सगळं पॅकेज आगाऊ भरू नका. सीटिंगप्रमाणे पैसे घेता का विचारा, पाच-सहा सीटिंगनंतर काय बघून पुढं चालू ठेवायचं ते आधी लिहून मागा, म्हणजे किती वेळ चालता येतं, पाय सरळ किती उचलतो, रात्री झोप लागते का. त्यात फरक नसेल तर बंद करायची मुभा हवी. टेबलावर असताना पायात मुंग्या वाढल्या तर लगेच सांगायचं, 'पहिल्यांदा असं होतंच की' म्हणून कोणी दाबून नेत असेल तर उठून या.