बीटल्सची 'गेट बॅक' बघितली, तिन्ही भाग

पीटर जॅक्सनची ही डॉक्युमेंटरी जवळपास आठ तासांची आहे, मी तीन रात्रीत संपवली. जानेवारी १९६९, लंडन, बीटल्स या इंग्लिश बँडमधले चौघं नवीन गाणी बसवतायत आणि कॅमेरा नुसता चालू. पहिला भाग जरा रेंगाळतो हे खरंय, पण त्यातच तो सीन आहे, जॉन अजून आलेला नाही, जॉर्ज जांभई देतोय, रिंगो बाजूला बसलाय आणि पॉल बास गिटार खडखडवत काहीतरी गुणगुणतो आणि बघता बघता त्यातून 'गेट बॅक' हे गाणंच बाहेर येतं! अंगावर काटा आला राव, मी तेवढं चारदा मागे नेऊन बघितलं.

मग जॉर्ज बँड सोडून निघून जातो, तेव्हा खूप वाईट वाटतं. पण परत येतो आणि नंतर बिली प्रेस्टन हा अमेरिकन वादक कीबोर्डवर बसतो आणि खोलीतली हवाच बदलते, सगळे हसायला लागतात. मध्येच ऋषिकेशच्या दिवसांच्या (आदल्या वर्षी हे चौघं तिथे ध्यान शिकायला गेले होते) गप्पा पण निघतात, ते ऐकायला फार छान वाटलं. शेवटी ३० जानेवारीचा गच्चीवरचा कार्यक्रम, खाली पोलीस आलेत आणि वर हे वाजवतायत. हेडफोन लावूनच बघा, प्लीज.