घड्यासुद्धा छापलेल्या निघाल्या

पहिल्या महायुद्धातली ब्रिटिश भरती-पोस्टरं जमवणाऱ्यांनी हे जरूर वाचा. मला नुकताच चारशे पौंडांचा चुना लागलाय.

पोस्टर ओळखीचंच, सॅव्हिल लम्ली यांचं 1915 मधलं. मांडीवरची मुलगी विचारतेय, 'बाबा, महायुद्धात तुम्ही काय केलंत?' पायाशी मुलगा खेळण्यातले शिपाई मांडून बसलाय आणि बाप अवघडून आपल्याकडे बघतोय. सक्तीच्या भरतीचा कायदा जानेवारी 1916 मध्ये आला. तोवर माणसांना असं लाजवूनच फौजेत ओढायचे. भिंतीवर डकवलेली पोस्टरं गेली पावसात. घडी घालून कुठेतरी पडून राहिली ती वाचली, त्यामुळे घडीच्या खुणा दिसल्या की आपण निम्मे विरघळतो.

विक्रेता हे पुरतं ओळखून होता. इथे इंग्लंडमध्ये जुन्या वस्तूंच्या बाजारात त्याचं टेबल होतं. काळी फ्रेम, वर काच, मागून तपकिरी कागद चिकटवून बंद. खालच्या समासात पोस्टर क्रमांक 79 आणि 'जॉन्सन, रिडल अँड कंपनी' हा छापखाना, सगळं जिथल्या तिथे. आजोबा पोस्टात होते, त्यांच्या पेटीत सापडलं, ही कहाणीही तयार. फ्रेम उघडा म्हटलं तर, 'कागद हातात तुकड्यांनी येईल.'

घरी उघडली. तुकडे कसले, कागद ठणठणीत! घडीवरून बोट फिरवलं तर सपाट. अस्सल पोस्टरचा फोटो घेऊन घड्या, डाग, पिवळेपणा सगळं एकदम छापलेलं. भिंगाखाली तर सोंगच उघडं पडलं. तेव्हाच्या शिळाछापात एकेक रंग वेगळा चढवत. रंग सलग दिसतो, नाहीतर हातानं मारलेले वेडेवाकडे ठिपके. इथे ऑफसेटच्या चार रंगांची एकसारखी जाळी, छापखान्याच्या नावाची बारीक अक्षरंसुद्धा ठिपक्यांत फुटलेली. अतिनील टॉर्च मारला तर कागद निळसर चमकला. कागदात ती चमक आणणारी रसायनं दुसऱ्या महायुद्धानंतरची. मापही वीस बाय तीस इंचांपेक्षा कमी. फ्रेमच्या पट्टीखाली कडा दडवलेल्या.

इम्पिरियल वॉर म्युझियमसुद्धा अशा पोस्टरांच्या नकला विकतं, पण नक्कल म्हणून, राजरोस. त्याला कोण नाव ठेवेल?

पावती काढली तर तिच्यावर फक्त 'विंटेज युद्धपोस्टर'. ना सन, ना 'मूळ प्रत'. फोनवर साहेब म्हणतात, '1915 चं आहे असं मी कधी म्हटलं?' आता तर फोनच उचलत नाही. पावतीवर 'मूळ छपाई, 1915' असं लिहून मागा. तिथेच कळतं, गडी लिहितो की विषय बदलतो.

परवा दुसऱ्या बाजारात तोच माणूस दिसला. टेबलावर तेच पोस्टर, तशीच फ्रेम. मुलीच्या कोपरावरून जाणारी घडी आणि कोपऱ्यातला चहाच्या रंगाचा डाग, दोन्ही माझ्या प्रतीत आहेत अगदी तिथेच. मी दोन्हींचे फोटो शेजारी ठेवून बाजार चालवणाऱ्यांकडे लेखी तक्रार दिली आहे. उत्तर अजून यायचंय.